मुठेच्या माहेराहून कसब्यात



पुण्याच्या दोन्ही नद्या आमच्या मुळशी तालुक्यातून येतात. मुळा मुळशीच्या खोऱ्यातून आणि मुठा टेमघरच्या डोंगरातून. संगमावर दोघी भेटतात आणि पुढं मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतात. पुणेकर या नद्यांना पुण्याच्या नद्या म्हणतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण आम्ही मुळशीकर त्यांना आमच्या घरच्या लेकी समजतो. लेक ज्या घरी दिली, त्या घरी तिचं कसं चाललंय हे विचारायचा हक्क माहेरच्या माणसाला असतोच. त्याच हक्कानं आज मी मुठेकाठच्या एका जुन्या वस्तीविषयी बोलणार आहे. ती वस्ती म्हणजे कसबा पेठ.

कसब्यात मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिसरीत होतो. पानशेतच्या पुराला सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या घरातल्या तांब्याच्या बंबाचं बूड गळायला लागलं होतं. आबांनी बंब पोत्यात बांधला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही निघालो. पिरंगुटपर्यंत पायी, पुढं एसटीच्या टपावर बंब आणि आत आम्ही. डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत चालत कसब्यात आलो. तांबट आळी अजून दिसायची होती, पण ऐकू यायला लागली होती. ठण्‌ ठण्‌ ठण्‌ असा आवाज, एका लयीत, दहा-वीस घरांतून एकदम येणारा. मी आबांना विचारलं, "इथली माणसं झोपतात कधी?" आबा म्हणाले, "आवाज थांबला की यांना जाग येते." त्या दिवशी बंबाच्या बुडाला नवा पत्रा बसला आणि कसबा माझ्या डोक्यात बसला तो कायमचा.

पुढं शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्तानं पुण्यातच राहिलो. तेव्हा कळलं, की मी ज्याला एक पेठ समजत होतो, ते खरं म्हणजे मूळचं पुणं आहे. बाकीच्या पेठा नंतरच्या. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजांच्या ताम्रपटांत, म्हणजे इसवी सन ७५८ आणि ७६८ मधल्या, पुण्याचा उल्लेख सापडतो. नदीपलीकडचं पाताळेश्वराचं लेणंही त्याच सुमाराचं. तेव्हाचं गाव लहानसं. एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला नागझरीचा ओढा आणि मधल्या उंचवट्यावर वस्ती. गाव वसवताना आपली जुनी माणसं दोनच गोष्टी बघत: पाणी जवळ हवं आणि घरात शिरायला नको. हा उंचवटा त्यांनी त्याच हिशेबानं निवडला असणार.

पुढं त्या गावाला कोट झाला, वेशी झाल्या आणि 'कसबे पुणे' हे नाव झालं. कसब्याच्या गल्ल्यांत गावकोस मारुती नावाचं छोटं देऊळ आहे. गावाचं कुसू कुठं होतं, हे त्या नावावरून आजही समजतं. दगडाचा कोट गेला, पण मारुतीनं हद्द सोडली नाही!

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं हे गाव उद्ध्वस्त केलं. त्यानंतर जिजाऊ आणि बालशिवाजी इथं आले, आणि पडलेलं गाव पुन्हा उभं राहिलं. सोन्याच्या फाळाचा नांगर इथल्या जमिनीवर फिरवला, अशी परंपरा आहे. कसबा गणपतीची स्थापनाही त्याच काळातली मानतात. तो पुण्याचा ग्रामदेव झाला, आणि आजही विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा असतो. लाल महालही तेव्हाचाच. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो तिथंच. आज आपण पाहतो तो लाल महाल मात्र महानगरपालिकेनं अलीकडं बांधलेला आहे.

म्हणजे, श्रोतेहो, पुनरुज्जीवन हा शब्द आपण आज मोठा करून बोलतो, पण कसब्याला तो नवा नाही. हे गाव एकदा पार मोडलं होतं आणि परत वसलं. कसं वसलं? नुसत्या भिंती बांधून वसलं नाही. माणसांना बोलावून, जमिनी लावून देऊन, त्यांच्या पोटापाण्याची सोय करून वसलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढं मला तिच्याकडं परत यायचं आहे.

आता तुम्हाला थोडं फिरवतो. शिवाजीनगरकडून निघू. शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. मध्ये मुठा आणि तिच्यावर दगडी कमानींचा शिवाजी पूल. १९२३ मध्ये तो बांधून झाला, तेव्हा गव्हर्नर लॉइड यांचं नाव त्याला दिलं होतं. लोकांनी मात्र त्याला नवा पूल म्हटलं, आणि शंभरी उलटली तरी तो नवाच राहिला आहे. पूल ओलांडला की नदीकाठीच शेख सल्ल्याचा दर्गा आणि कुंभारवाडा. पुढं गल्ल्या सुरू होतात. तांबट आळी, शिंपी आळी, कासार आळी, व्यवहार आळी. नावं वाचत गेलात तरी गावचा गाडा कसा चालत होता ते समजतं. प्रत्येक धंद्याला आपली आळी होती आणि प्रत्येक आळीचं दुसरीशी काम पडायचं.

पेठेच्या कडेला शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला, म्हणजे नदीच्या अंगाला तोंड करून आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत आतला वाडा जळाला, आणि आज तट, बुरूज, दरवाजे आणि जोती उरली आहेत. तिथून नदीच्या कडेनं वर गेलं की ओंकारेश्वराचं देऊळ. थोरल्या बाजीरावांच्या काळातलं, भक्कम आणि शांत. वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची समाधी त्याच आवारात आहे. वसईचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण समाधीपाशी थांबणारा माणूस मला क्वचितच दिसला.

या सगळ्या ठिकाणांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ती सगळी नदीच्या नात्यानं बांधलेली आहेत. कुंभार नदीकाठी, कारण त्याला माती आणि पाणी लागतं. देवळं नदीकाठी, कारण घाट लागतो. दर्गा नदीकाठी, वाड्याचा मुख्य दरवाजा नदीकडं. नदी हे गावाचं अंगण होतं. पिण्याचं पाणी मात्र पेशव्यांनी दुसरीकडून आणलं. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळांनी पाणी शहरात आलं आणि जागोजागी हौदांत पडलं. नदी असूनही त्यांनी दुसरा उद्‌भव शोधला. पण म्हणून नदीकडं पाठ केली नाही.

मग पाठ केव्हा फिरली?

इथं मला पुन्हा आमच्या मुळशीकडं जावं लागेल, कारण पेठेत जे दिसतं त्याचं कारण पुष्कळदा डोंगरात असतं. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासल्याचं धरण पुरं झालं. पाणी कालव्यानं शेतीला आणि शहराला, लष्कराला जाऊ लागलं. मुळेवर १९२० च्या दशकात टाटा कंपनीचं धरण आलं. त्या विरोधात १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यात सेनापती बापट झाले. लढा हरला. मावळ्यांची गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. ते पाणीही पुण्याकडं आलं नाही. ते सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर जातं, वीज देतं आणि कुंडलिका नदीत उतरतं. पुढं मुठा खोऱ्यात पानशेत, वरसगाव आणि आमचं टेमघर ही धरणं आली. खडकवासला धरून या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं.

परिणाम काय झाला? आमच्या डोंगरातलं पाणी पुण्याला पोचतं, पण ते नदीतून पोचत नाही, जलवाहिन्यांतून पोचतं. घराघरांत नळाला येतं, वापरलं जातं, आणि मग गटारातून नदीत येतं. पावसाळा सोडला तर कसब्याजवळ मुठेत जे वाहतं, त्यात डोंगरातलं थोडं आणि मोऱ्यांतलं फार. मुलगी सासरी निघाली, पण वाटेतच तिचं रूप पालटलं, असा हा प्रकार आहे.

दुसरा घाव १२ जुलै १९६१ चा. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासला धरणही फोडलं आणि नदी पेठांत शिरली. नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांतले वाडे बसले, आयुष्यभराचे संसार वाहून गेले. नवा पूल टिकला. पाणी कुठवर चढलं होतं, याच्या खुणा जुन्या माणसांनी भिंतींवर केल्या होत्या. माझ्या लहानपणी तांबट आळीतल्या कारागिरानं आबांना हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला होता तो आठवतो. तो काही बोलला नाही, नुसता हात दाखवला आणि परत हातोडी घेतली. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी झाल्या. पुष्कळ कुटुंबं तिकडं गेली ती तिकडचीच झाली. जे राहिले, त्यांच्या मनात नदीविषयी माया उरली नाही, धास्ती उरली. मग शहरानं नदीच्या पात्रात रस्ते केले, गाड्या लावल्या, राडारोडा टाकला. नदीकडची बाजू ही घराची मागची बाजू झाली. भिडे पूल पाण्याखाली गेला, अशी बातमी आली की पुणेकराला नदीची आठवण होते. एरवी वर्षभर नाही.

पेठेच्या आतली पडझड वेगळ्या कारणानं झाली. १९४७ च्या कायद्यानं घरभाडी गोठवली गेली. तेव्हा ते बरोबरच होतं, गरीब भाडेकरूला त्यानं आसरा दिला. पण चाळीस-पन्नास वर्षांनी वाड्याचं महिन्याचं भाडं एका कौलाच्या किमतीइतकं राहिलं. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना आणि वाडा कुणासाठी थांबेना. १९९९ च्या कायद्यानंही हा गुंता फारसा सुटला नाही. त्यात शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला २०१० च्या कायद्यानं बंदी आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. स्मारक जपलं पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच्या सावलीत पडायला आलेल्या वाड्यात चार पिढ्यांचं कुटुंब पावसाळाभर जीव मुठीत धरून राहतं, हेही खरं आहे. स्मारकात कुणी राहत नाही, त्याला कायदा आहे. घरात माणसं राहतात, त्यांना नोटीस येते.

कारागीरही पांगले. कुंभारांतली बरीच कुटुंबं मुंढव्याकडं गेली, कारण दाट वस्तीत भट्टीचा धूर कुणाला चालणार? तांबट आळीत स्टीलनं आणि प्लास्टिकनं गिऱ्हाईक पळवलं. बंब गेला, गॅसचा गिझर आला. मीही आमचा बंब माळ्यावर टाकला, तेव्हा दुसऱ्याला दोष कसा देऊ?

पण श्रोतेहो, मी रडगाणं गायला आलेलो नाही. कसब्यात पुन्हा काही घडायला लागलं आहे. तांबट आळीत इनटॅकच्या पुणे केंद्रानं पुढाकार घेतला. डिझाइन शिकलेली मंडळी कारागिरांजवळ बसली. तांब्यावर ठोक्यांची नक्षी उठवायचं जे माठाराचं काम पिढ्यान्‌पिढ्या बंब-घंगाळांवर चाललं होतं, ते दिव्यांवर, तबकांवर, पाण्याच्या जगांवर आलं. गिऱ्हाईक बदललं, हात तेच राहिले. वारसा पाहायला फेऱ्या निघतात. शाळेची मुलं येतात आणि हातोडीचा आवाज ऐकून, मी विचारला होता तोच प्रश्न विचारत असतील. भुयारी मेट्रो नदीच्या तळाखालून आली. कसबा पेठ नावाचं स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्याच्यासाठी काही घरं हलवावी लागली, तेही नोंदलं पाहिजे. आता पिंपरीहून निघालेला माणूस घामाचा थेंब न येता गणपतीला येऊ शकतो.

आणि नदीचं काय? नदीसाठी दोन मोठी कामं हाती घेतली आहेत. एक, सांडपाणी शुद्ध करणारी ११ नवी केंद्रं. दुसरं, मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदीकाठाचं सुशोभीकरण, साबरमतीच्या धर्तीवर. बांध, पायऱ्या, फिरायचे रस्ते, बागा. या दुसऱ्या कामावरून शहरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, उकिरड्यापेक्षा बाग बरी. दुसरा म्हणतो, काठ आत सरकले तर पुराचं पाणी जाणार कुठं, आणि जुनी झाडं तोडून कसली शोभा?

माहेरच्या माणसानं सासरच्या भांडणात फार बोलू नये. पण एक सांगतो. साबरमतीच्या काठाला शोभा आली, कारण तिथं नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून भरलं. आपल्याकडं कुठून आणणार? आमच्या धरणांतून सोडायचं तर शहराची तहान वाढते आहे आणि खालच्या गावांची शेती वाट बघते आहे. तेव्हा आधी मोऱ्यांचं पाणी शुद्ध झालं पाहिजे आणि मग काठ. आधी अंघोळ, मग गंध, हा क्रम आपल्याला घरात कळतो, नदीच्या बाबतीत का कळू नये? आणि पात्राची रुंदी तर नदीची स्वतःची आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. १९६१ चा पूर धरण फुटून आला होता. या वेळी धरण जागेवर होतं, तरी पाणी घरात आलं. नदी आपली जागा विसरत नाही.

आता मघाची गोष्ट. मोडलेलं गाव माणसांना बोलावून वसलं, असं मी म्हणालो होतो. आज कसब्याचं पुनरुज्जीवन करताना उलटी चूक व्हायची भीती मला वाटते. काठ सुंदर झाला, मेट्रो आली, की जागेला भाव येतो. मग वाड्यांच्या जागी मनोरे होतात आणि तांबटाच्या तळमजल्याला जे भाडं येऊ शकतं, ते तांब्यातून निघत नाही. कुणी त्याला हाकलत नाही. तो आपणच उठतो. पाटी राहते 'तांबट आळी' म्हणून, आणि आत कॉफी मिळते. कॉफीवर माझा राग नाही, पण ठण्‌ ठण्‌ आवाजाखेरीज ती आळी कसली?

हे मी मुळशीचा म्हणून बोलतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी माणसं उठवली की काय होतं, ते आमच्या तालुक्यानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. वीज आली, ती साऱ्यांच्या कामाची होती. पण ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्या घरी दिवा लागायला फार वर्षं गेली. विकास नको, असं मुळशीकर म्हणत नाही. तो एवढंच विचारतो, की यात आमचं घर कुठं आहे?

कसब्यासाठी उत्तर अवघड आहे, अशक्य नाही. एकेक वाडा पाडण्याऐवजी पाच-सहा वाड्यांचा मिळून विचार व्हावा आणि भाडेकरूला त्याच आळीत हक्काची जागा मिळावी. कारागिराच्या तळमजल्याला कर कमी असावा आणि तिथं धंदाच चालेल अशी अट असावी. नवी इमारत उठली तरी गल्लीचं वळण, दिंडी दरवाजा, चौक यांची ओळख राहावी. स्मारकाजवळच्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी पावसाळ्याच्या आत मिळावी, नंतर नाही. आणि नदीकाठी जे काही करायचं, त्यात ओंकारेश्वराच्या बाजूनं पाण्यापर्यंत उतरता येईल अशी साधी वाट आधी असावी. ज्या नदीला हात लावता येतो, तिच्यात माणूस कचरा टाकताना दोनदा विचार करतो.

मध्यंतरी माळ्यावरचा बंब काढला. नात म्हणाली, "आजोबा, हा भंगारात देणार?" मी म्हणालो, "नाही, तांबट आळीत देणार." बंब घेऊन गेलो. हातोडीचे आवाज आता मोजता येतील इतकेच आहेत, पण आहेत. कारागिरानं बंब उलटा केला, बुडावरचा जुना पत्रा बघितला आणि म्हणाला, "हे काम आमच्याच आळीतलं. पत्रा अजून चांगलाय. नुसतं चकचकीत करून देतो."

कसब्याचंही तसंच आहे, श्रोतेहो. बूड अजून चांगलं आहे. फेकायची घाई करू नका, आणि नुसतं चकचकीत करूनही थांबू नका. त्यात पुन्हा पाणी तापलं पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)